सबस्क्रिप्शन शॉपिंग अ‍ॅप टप्प्याटप्प्याने बाजारात कसं आणायचं

साधं शॉपिंग अ‍ॅप बाजारात उतरवलं की आठ-पंधरा दिवसांत बऱ्यापैकी अंदाज येतो. ऑर्डर किती आल्या, पैसे जमा झाले का, माल वेळेत पोचला का, तक्रारी कसल्या आल्या, सगळं समोर असतं. सबस्क्रिप्शनमध्ये एवढ्यावर भागत नाही. पहिल्यांदा पैसे देताना ग्राहक स्वतः अ‍ॅप उघडतो, किंमत बघतो आणि बटण दाबतो. दुसऱ्यांदा पैसे कापले जातात तेव्हा तो झोपेत असेल, प्रवासात असेल, किंवा आपण असं काही घेतलं होतं हेच विसरलेला असेल. कार्डाची मुदत संपणं, पत्ता बदलणं, ‘मी तर रद्द केलं होतं’ म्हणून फोन येणं, हे सगळं त्या दुसऱ्या वेळी होतं. त्यामुळे टप्पा किती दिवसांचा आणि किती लोकांचा, हे रिन्युअल (म्हणजे मुदत संपल्यावर पुन्हा पैसे कापून सबस्क्रिप्शन पुढे चालू होणं) बघून ठरवायचं. पुढचा सगळा आराखडा त्यावरच बेतलेला आहे.

ठरावीक अंतराने प्रत्यक्ष वस्तूंचं खोकं घरी पाठवणारं अ‍ॅप डोळ्यासमोर ठेवून लिहितो आहे. नुसतं सभासदत्व विकून खरेदीवर सवलत देणारं अ‍ॅप असेल, तर गोदामाचा भाग सोडून द्या. बाकीचं लागू पडतं.

कॅलेंडर आधी, टक्के नंतर

बहुतेक टीम नियोजनाला बसल्या की पहिला प्रश्न येतो, ‘आधी किती टक्के लोकांना द्यायचं?’ त्याआधी एक चक्र पूर्ण व्हायला किती दिवस लागतात ते मोजा. योजना मासिक असेल तर ३० दिवसांनी दुसऱ्यांदा पैसे कापले जाणार. काहींचे कापले जाणार नाहीत; त्यांच्यासाठी पुन्हा प्रयत्न करायला आठवडाभर. मग पॅकिंग, डिलिव्हरी आणि तक्रार यायला आणखी आठवडा. म्हणजे एका टप्प्याबद्दल खात्रीने काही बोलायचं तर शेवटचा ग्राहक आत आल्यापासून साधारण ४५ दिवस हवेत. दोन आठवड्यांत टप्पा उरकून पुढे जाणारी टीम पहिल्या ऑर्डरचं यश बघून रिन्युअलबद्दल अंदाज बांधत असते.

एवढा वेळ हातात नसेल तर दोन मार्ग आहेत. पहिल्या तुकडीला साप्ताहिक किंवा पाक्षिक योजना द्या, म्हणजे दोन महिन्यांत चार ते आठ रिन्युअल बघायला मिळतील. दुसरा मार्ग चाचणीच्या वातावरणात घड्याळ पुढे ढकलण्याचा. स्ट्राइप या पेमेंट कंपनीकडे यासाठी ‘टेस्ट क्लॉक’ची सोय आहे; एका बनावट ग्राहकाचं वर्ष काही मिनिटांत पुढे नेऊन बिलं कशी तयार होतात ते बघता येतं. तुमच्या पेमेंट कंपनीकडे अशी सोय नसेल, तर आपल्याच कोडमध्ये ‘आजची तारीख’ एकाच जागेवरून घेतली जाईल अशी व्यवस्था करून ठेवा. पण याने फक्त कोड तपासला जातो, माणसं नाही. महिन्याभराने खोकं आलं की लोक वैतागतात की खूश होतात, हे कुठलंच घड्याळ सांगत नाही.

अ‍ॅप स्टोअर काय देतात, काय देत नाहीत

टप्प्याटप्प्याने अ‍ॅप सोडायची सोय अ‍ॅपलकडेही आहे आणि गूगल प्लेकडेही. पण दोन्हीकडे ती फक्त अपडेटसाठी आहे, अगदी पहिल्या आवृत्तीसाठी नाही. बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं: सादर करायच्या आदल्या दिवशी कळतं की ‘आधी पाच टक्के’ हा पर्यायच नाही. पहिल्या आवृत्तीची गाळणी तुम्हालाच बांधावी लागते. त्यासाठी हातात उरतं ते म्हणजे कुठल्या देशांत अ‍ॅप दिसेल ते ठरवणं, निमंत्रण कोड, प्रतीक्षा यादी आणि कुठल्या भागात माल पोचवतो त्याची मर्यादा.

त्याआधीच्या चाचणीसाठी अ‍ॅपलचं टेस्टफ्लाइट आहे. त्यात टीममधले १०० आणि बाहेरचे १०,००० पर्यंत परीक्षक घेता येतात. एक बिल्ड, म्हणजे चाचणीसाठी दिलेली एक आवृत्ती, ९० दिवस चालतं, आणि हा आकडा सबस्क्रिप्शनवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा. परीक्षकांकडून खरे पैसे घेत असाल आणि नवीन बिल्ड दिलं नाही, तर तिसऱ्या मासिक रिन्युअलच्या सुमाराला त्यांचं अ‍ॅप उघडायचं बंद होईल. पैसे मात्र कापले जात राहतील. गूगल प्लेवर अंतर्गत चाचणीला १०० जण घेता येतात, त्यापुढे बंद (फक्त निवडलेल्यांसाठी) आणि खुली चाचणी असते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल, तर अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करायची परवानगी मागण्याआधी किमान १२ परीक्षकांसह सलग १४ दिवस बंद चाचणी चालवावी लागते. संस्थेच्या नावावरच्या खात्याला ही अट नाही. व्यवसाय म्हणूनच करायचं असेल तर संस्थेचंच खातं काढलेलं बरं.

पेमेंटबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्या. अ‍ॅपच्या बाहेर वापरायच्या प्रत्यक्ष वस्तूंसाठी अ‍ॅपलची इन-अ‍ॅप खरेदी वापरायची नसते. कार्ड किंवा अ‍ॅपल पेसारखे मार्ग वापरायचे. पण त्याच अ‍ॅपमध्ये पैसे घेऊन डिजिटल मजकूर किंवा अ‍ॅपमधलीच एखादी सोय विकलीत, तर तेवढ्यापुरता नियम बदलतो. खोकं आणि डिजिटल सभासदत्व एकाच किमतीत गुंफलेलं असेल तर स्टोअरवर घेण्याआधी होणाऱ्या परीक्षणात अडकण्याची शक्यता वाढते, म्हणून पहिल्या आवृत्तीत ती सरमिसळ टाळा.

परीक्षण करणाऱ्यांना चालू असलेलं, माहितीने भरलेलं खातं द्या. निमंत्रणाशिवाय अ‍ॅपमध्ये काहीच दिसत नसेल तर ते नाकारलं जाऊ शकतं. त्यापेक्षा वस्तूंची यादी सर्वांना बघू द्या आणि ‘सबस्क्रिप्शन घ्या’च्या जागी ‘यादीत नाव नोंदवा’ ठेवा. नावात किंवा वर्णनात ‘बीटा’ लिहू नका. अ‍ॅपल बीटा आवृत्त्या स्टोअरवर घेत नाही. आणि अ‍ॅपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते अ‍ॅपमधूनच हटवताही आलं पाहिजे. सबस्क्रिप्शन चालू असताना खातं हटवलं तर काय करायचं, ते आत्ताच ठरवून टाका. हा प्रश्न शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

कोणते स्विच सर्व्हरवर हवेत

अ‍ॅप एकदा लोकांच्या फोनमध्ये गेलं की ते मागे घेता येत नाही. गूगल प्लेवर अपडेटचं वाटप थांबवता येतं, पण ज्यांना मिळालं त्यांच्याकडे ते राहतंच. अ‍ॅपलवर जुनी आवृत्ती परत आणायची सोय नाही. दुरुस्त करून नवीन आवृत्तीच पाठवावी लागते. म्हणून थांबवण्याची ताकद सर्व्हरवर ठेवा.

निदान चार स्विच वेगवेगळे हवेत: नवीन सबस्क्रिप्शन घेणं, ठरलेल्या दिवशी पैसे कापणं, गोदामाला पॅकिंगची यादी पाठवणं, आणि ग्राहकांना संदेश पाठवणं. हे चार एकाच बटणाला जोडले की संकटात हात बांधले जातात. दुप्पट पैसे कापले जाताहेत म्हणून सगळंच बंद केलंत, तर ज्यांचे पैसे नीट कापले गेले त्यांचीही खोकी अडकतात, आणि माफीचा संदेशही पाठवता येत नाही. पाचवं कलम म्हणजे किमान आवृत्ती: तिच्याहून जुनं अ‍ॅप उघडलं तर ‘अपडेट करा’ असा पडदा दिसावा. हा पडदा पहिल्या आवृत्तीतच असला पाहिजे. नंतर घातला तर ज्या जुन्या आवृत्त्यांसाठी तो हवा त्यांच्यातच तो नसतो.

शून्यावा टप्पा: आपलीच माणसं, पण खरे पैसे

टीममधल्या पंधरा-वीस जणांनी स्वतःच्या कार्डाने, स्वतःच्या घरी खोकं मागवायचं. फुकट कोड वाटू नका. पैसे खरे कापले गेले तरच बँकेचा संदेश कसा दिसतो, स्टेटमेंटवर कंपनीचं नाव ओळखू येतं का, ते कळतं. स्टेटमेंटवर अनोळखी नाव दिसलं की ग्राहक तुम्हाला फोन करत बसत नाही, थेट बँकेकडे तक्रार करतो.

या टप्प्यात मुद्दाम वाकड्यात शिरायचं असतं. तारखांपासून सुरुवात करा. एकाने ३१ जानेवारीला सबस्क्रिप्शन घेतलं असं दाखवा. फेब्रुवारीत पैसे २८ ला कापले जातील, ते ठीक. मार्चमध्ये ३१ ला कापले जायला हवेत. पण ‘मागच्या तारखेत एक महिना मिळवा’ असा कोड असेल तर मार्चमध्येही २८ तारीखच येते आणि पुढे कायमची २८ राहते. मूळ तारीख वेगळी जपून प्रत्येक वेळी तिच्यावरूनच हिशेब करा. तसंच वेळेच्या पट्ट्यांचं. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आणि ग्राहकाने शेवटच्या दिवशी रात्री साडेअकराला रद्द केलं. त्याच्या घड्याळाप्रमाणे तो मुदतीत आहे. ग्राहक यूटीसीच्या मागे असलेल्या पट्ट्यात असेल तर सर्व्हरच्या लेखी तारीख उलटून गेलेली असते, आणि पैसे कापले जातात. इथे ग्राहकाचं घड्याळ खरं मानायचं.

मग पैसे दुप्पट कापले जाण्याचे रस्ते. तुम्ही पेमेंट कंपनीला विनंती पाठवली, उत्तर यायच्या आत कनेक्शन तुटलं, सिस्टिमने पुन्हा पाठवली. पहिली विनंती प्रत्यक्षात पोचली होती. यावर उपाय ठरलेला आहे: प्रत्येक विनंतीसोबत ‘अमुक ग्राहक, अमुक चक्र’ यावरून बनवलेली एकच किल्ली पाठवायची, म्हणजे तीच विनंती दुसऱ्यांदा गेली तरी पैसे एकदाच कापले जातात. उलट दिशेचंही बघा. पेमेंट कंपनीकडून तुमच्या सर्व्हरला आपोआप येणारे संदेश, म्हणजे वेबहुक, दोनदा येऊ शकतात आणि उलट्या क्रमानेही येऊ शकतात. मुद्दाम तोच वेबहुक पुन्हा पाठवून बघा, गोदामाला दोन खोक्यांची यादी तर जात नाही ना.

सगळ्यात जास्त भांडणं चार वेळांच्या क्रमावरून होतात: आठवणीचा संदेश, बदल करायची मुदत, पैसे कापणं आणि पॅकिंग. माझा आग्रह असा की बदल करायची मुदत आणि पैसे कापायची वेळ एकच ठेवा. समजा पॅकिंग १० तारखेला आहे. ५ ला आठवणीचा संदेश जाईल, त्यात रक्कम, तारीख आणि ‘या वेळी नको’ व ‘रद्द करा’ ही दोन्ही बटणं असतील. ८ च्या सकाळी बदल बंद होतील आणि त्याच क्षणी पैसे कापले जातील. मधे एक दिवसाचं अंतर ठेवलंत, तर त्या दिवसात पत्ता बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाला ‘आता बदलता येणार नाही, पैसे मात्र उद्या कापले जातील’ असं सांगावं लागेल. कोण ऐकून घेईल?

पैसे कापले गेले नाहीत तर खोकं पाठवू नका. पुन्हा प्रयत्न करताना नकाराचं कारण बघा: खात्यात पुरेशी रक्कम नसेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करून बघण्यात अर्थ आहे, कार्ड चोरीला गेलेलं किंवा बंद असेल तर नाही. सरसकट प्रयत्न करत राहणाऱ्यांना कार्ड नेटवर्क दंडही लावतात.

पहिला टप्पा: ओळखीबाहेरचे शंभर

आता प्रतीक्षा यादीतले पहिले शंभर. मित्रमंडळी नकोत, ती सांभाळून घेतात. शंभरमध्ये जुने फोन वापरणारे, संथ इंटरनेटवाले, तुमच्या पुरवठ्याच्या टोकाला राहणारे असे सगळे येतील असं बघा.

शंभर माणसांकडून काय शिकता येतं आणि काय नाही, याचं भान ठेवा. संख्याशास्त्रात एक सोपा ‘तीनाचा नियम’ आहे. एकही चूक न होता जितके व्यवहार झाले, त्या संख्येने तीनाला भागा. ९५ टक्के खात्रीने चुकीचं प्रमाण त्याहून जास्त नाही. शंभर रिन्युअल बिनबोभाट झाली, तरी प्रत्यक्षात ३ टक्क्यांपर्यंत चूक लपलेली असू शकते. पैशांच्या बाबतीत हजारात एक चूकही नको असेल, तर तीन हजार व्यवहार बिनचूक व्हायला हवेत. तसंच, शंभरातल्या ७० जणांनी रिन्युअल होऊ दिलं, तर खरा आकडा साधारण ६१ ते ७९ मध्ये कुठेही असू शकतो. गुंतवणूकदारांना ‘७० टक्के लोक टिकतात’ असं या टप्प्यावर सांगायची घाई करू नका.

शंभर लोकांचा खरा उपयोग त्यांच्याशी बोलता येतं हा आहे. रद्द करणाऱ्या प्रत्येकाला फोन करा, पण परत बोलावायला नाही. ‘किंमत जास्त वाटली’ हे उत्तर पहिल्यांदा सगळेच देतात. ‘मागच्या खोक्यातलं काय काय वापरलं?’ हे विचारलंत की गाडी रुळावर येते. अर्धं खोकं न उघडता पडलेलं असेल, तर किंमत उतरवून काही साधणार नाही, चक्र लांब करावं लागेल.

दुसरा टप्पा: निमंत्रणं पसरून द्या

इथून पुढे आकड्यांचा खेळ गोदामाकडे सरकतो. समजा दर आठवड्याला १०० नवे ग्राहक घेता, चक्र चार आठवड्यांचं, आणि दर चक्राला ८० टक्के टिकतात. पहिले चार आठवडे गोदामातून आठवड्याला १०० खोकी जातात आणि सगळं निवांत वाटतं. पाचव्या आठवड्यात १०० नवी आणि ८० जुनी, म्हणजे १८०. नवव्या आठवड्यात २४४. नवे ग्राहक तेवढेच घेत राहिलात तरी हा आकडा ५०० कडे चढत जातो. पॅकिंगची क्षमता आठवड्याला ३०० असेल, तर तुमचं गणित आत्ताच चुकलं आहे, फक्त ते कळायला जवळपास चार महिने लागतील. वेगाची मर्यादा गोदामावरून ठरवा, जाहिरातीच्या बजेटवरून नाही.

हजार निमंत्रणं एकाच दिवशी पाठवली तर महिन्याने त्याच दिवशी हजारांचे पैसे कापले जाणार, त्याच दिवशी मदतकक्षाचे फोन वाजणार, आणि हे दर महिन्याला होणार. रोज पस्तीस निमंत्रणं पाठवली की तारखा आपोआप पसरतात. जंगी उद्घाटनाचा मोह आवरा. निदान डिलिव्हरीचा वार तरी ग्राहकांमध्ये वाटून द्या.

पुढे जायचं की थांबायचं, हे आधीच लिहून ठेवा

टप्पा सुरू व्हायच्या आधी एका पानावर आकडे लिहा आणि त्याखाली निर्णय घेणाऱ्या एकाच माणसाचं नाव लिहा. टप्पा संपल्यावर निकष ठरवायला बसलात, तर जो आकडा आला तोच बरा वाटायला लागतो. दुप्पट पैसे किंवा रद्द केल्यावर पैसे: एकही नको. अ‍ॅप बंद पडण्याचं प्रमाण: गूगल प्लेची धोक्याची रेषा १.०९ टक्के आहे, आणि ती ओलांडली तर स्टोअरवर अ‍ॅप कमी दिसू शकतं. स्वतःची रेषा त्याच्या निम्म्यावर आखा. पहिल्या प्रयत्नात न कापले गेलेले पैसे, त्यातले पुन्हा प्रयत्नाने किती मिळाले, वेळेत पोचलेली खोकी, शंभर खोक्यांमागे तक्रारी, यांचे आकडे तुमच्या धंद्याप्रमाणे ठरवा.

निर्णय तीनच असू शकतात: पुढे जा, आहे त्या ग्राहकांसह आणखी एक चक्र थांबा, किंवा नवे ग्राहक बंद करून दुरुस्त करा. मधला पर्याय लोक विसरतात, आणि बऱ्याचदा तोच बरोबर असतो.

बिघाड झालाच तर कोण काय करणार, हेही त्याच पानावर हवं. पैसे दुप्पट कापले गेले असं दिसलं की आधी पैसे कापण्याचा स्विच बंद. मग बाधित ग्राहकांची यादी, आणि कुणी मागायच्या आत रिफंड. त्यानंतर त्यांना संदेश: काय झालं, किती रक्कम, परत कधी दिसेल. कारण शोधणं याच्या नंतर. कारण सापडेपर्यंत रिफंड थांबवून ठेवणाऱ्या टीमला बँकेकडून येणाऱ्या तक्रारींचा भुर्दंड वेगळा बसतो.

सर्वांसाठी खुलं केल्यावर

आता स्टोअरच्या टप्प्यांचा उपयोग सुरू होतो. अ‍ॅपलचं वाटप सात दिवसांचं असतं: १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के. अडचण आली तर एकूण ३० दिवसांपर्यंत थांबवता येतं. हे फक्त आपोआप अपडेट होणाऱ्यांना लागू असतं. स्टोअरवर जाऊन कुणीही नवी आवृत्ती लगेच घेऊ शकतो. गूगल प्लेवर टक्के तुम्ही ठरवता. पण सात दिवसांत शंभर टक्के म्हणजे त्या आवृत्तीवर जेमतेम पाव ग्राहकांचं रिन्युअल झालेलं असतं. म्हणून बिलिंगचा कुठलाही बदल अ‍ॅपच्या अपडेटसोबत चालू करू नका. कोड अपडेटमध्ये पाठवा, बंद ठेवा, आणि सर्व्हरवरून कुठल्या तरी एका महिन्यात आलेल्या ग्राहकांवर आधी चालवून बघा. वाटप चालू असताना जुनी आणि नवी आवृत्ती एकाच सर्व्हरशी बोलत असते, तेव्हा डेटाबेसमधला जुना रकाना काढायची घाईही नको.

राहिली उद्घाटनाची सवलत. पहिला महिना निम्म्या किमतीत दिलात तर आकडे सुंदर दिसतील, आणि पहिल्या पूर्ण किमतीच्या दिवशी रद्द करणाऱ्यांची रांग लागेल. सवलत द्यायचीच असेल तर निम्म्या तुकडीला द्या, निम्मीला नको, आणि दोन्हींची तुलना पूर्ण किमतीच्या दुसऱ्या रिन्युअलनंतर करा. सवलत संपतानाच्या आठवणीच्या संदेशात नवी रक्कम पहिल्याच ओळीत लिहा.